पलीकडचा भोंगा

आमच्या लालबागच्या चाळीत काकांना नावाने कोणी हाक मारत नसे. पाठीमागे सगळे त्यांना 'कान' म्हणायचे आणि समोर 'कानवाले काका'. त्यांचे कान दिसायला चारचौघांसारखेच होते, फक्त डाव्या कानाची पाळी जरा चपटी. ती कशाने चपटी झाली हे कोणी विचारलं नाही तरी काका सांगत. "तीस वर्षं सळईवर दाबली. दुसरं काय होणार?"

काका महापालिकेच्या पाणी खात्यात गळती शोधायच्या कामावर होते. लोखंडी सळई रस्त्याला टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाइप नेमका कुठे फुटलाय ते सांगायचं. मग तिथे खणणारे खणत. काकांनी दाखवलेल्या जागेपासून दोन हात इकडेतिकडे कधी खणावं लागलं नाही, असं ते स्वतः सांगत, आणि त्यांच्याबरोबर काम केलेले लोकही सांगत, म्हणून मी विश्वास ठेवते. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल-श्रीफळ दिलं. काकांनी शाल बहिणीला पाठवली, नारळाची चटणी केली आणि साहेबांकडून ती जुनी सळई मागून आणली. तेव्हापासून सळई त्यांच्या हातात. बाजारात जाताना, देवळात जाताना, लग्नालासुद्धा. एका लग्नात मुलीकडच्यांनी त्यांना विजेचं काम करणारा समजून मांडवामागे नेलं होतं.

अशा कानाचा माणूस शेजारी असण्याचे फायदे-तोटे दोन्ही असतात. आमच्या नळाचा वायसर जायच्या आधी आठ दिवस काका भिंतीपलीकडून सांगत, "वहिनी, वायसर आणून ठेवा." पण एकदा आईने घाईत कुकर उतरवला तेव्हाही पलीकडून आवाज आला, "वहिनी, दोनच झाल्या." आई चिडली. तिच्या मते तीन शिट्ट्या झाल्या होत्या. जेवायला बसलो तर डाळ दाताखाली कचकच वाजत होती. आईने त्या दिवशी काकांना वाटीभर डाळ मुद्दाम पाठवली नाही.

हा माणूस शहराच्या इतिहासाच्या सहली काढतो हे मला ठाऊकच नव्हतं. आम्हाला वाटायचं, रविवारी सकाळी सळई घेऊन जातात ते भजनी मंडळात. कळलं ते माझ्या ऑफिसमुळे. मी लोअर परळला एका काचेच्या इमारतीत काम करते. तिथे अधूनमधून सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं असतं. कधी बोलिंग, कधी नाटक. त्या वेळी कोणीतरी इंटरनेटवरून शोधून काढलं की एक म्हातारे गृहस्थ गिरणगाव 'ऐकवतात'. सगळ्यांना कल्पना भलतीच आवडली. रविवारी सकाळी सात वाजता टोप्या, बूट, पाण्याच्या बाटल्या असा आमचा जथा पुलाखाली पोचला, तर समोर सळई टेकवून आमच्या मजल्यावरचे काका उभे.

मी टोपी डोळ्यांवर ओढली. कारण ऑफिसात मी 'परळ साइडला' राहते असं सांगितलेलं होतं. परळ साइड म्हणजे काय, चाळ की टॉवर, हे मी मोघम ठेवलं होतं. काकांनी मला बघितलं आणि अकरा जणांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, "काय गो, तू इथे कशी? स्वतःचंच घर बघायला आलीस?"

अकरा माना वळल्या. पुढचे तीन तास मी सगळ्यांच्या मागे चालले.

पण त्या तीन तासांत काहीतरी झालं खरं. काकांच्या चकरेची (हेरिटेज वॉक म्हटलेलं त्यांना चालत नसे, "चक्कर म्हणा, मराठीत चालता येत नाही का?") फी एकच होती. प्रत्येकाने सांगायचं, आपल्या घरातलं मुंबईत पहिलं कोण आलं आणि पहिल्या रात्री कुठे झोपलं. लोक आधी हसायचे, मग बाजूला जाऊन घरी फोन लावायचे. आमच्या साहेबांचे आजोबा दादर स्टेशनच्या बाकावर झोपले होते. हिशेब विभागातल्या मुलीची आजी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन देवळाच्या ओट्यावर बसून राहिली होती. मलाही आईला फोन करावा लागला. माझे आजोबा गावकीच्या खोलीत झोपले होते. आमच्या गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली एक खोली, तीत वीस-पंचवीस बाप्ये पाळीपाळीने झोपत. एक कामाला गेला की त्याच्या चटईवर दुसरा. आई म्हणाली, "ते नेहमी सांगायचे, पहिल्या रात्री चटई गरम होती म्हणून." मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "तुझे आजोबा बरे गं, निदान चटई तरी होती."

त्या दिवसापासून काकांचं मोबाइल खातं माझ्याकडे आलं. ते सांगत, मी टाइप करी. त्यांचे निरोप असे असायचे: "रविवार सकाळी सात. उशिरा येणाऱ्यांनी येऊ नये. फोन बंद, तोंड बंद, कान उघडे. छत्री चालेल, गॉगल चालणार नाही." मी विचारलं, गॉगलने ऐकण्यात काय अडतं? म्हणाले, "अडत नाही. मला आवडत नाही."

बाकीचे लोक सहलीत इमारती दाखवतात, कमान कोणी बांधली, घुमट कधी झाला ते सांगतात. काकांना त्यात रस नव्हता. "सन मला विचारू नका. सन गूगलला विचारा, तो बहिरा आहे, त्याला तेवढंच येतं." एकदा इतिहास शिकवणाऱ्या एका तरुणाने भर रस्त्यात त्यांची तारीख वीस वर्षांनी चुकल्याचं दाखवून दिलं. मला वाटलं आता भांडण. काकांनी त्याला नमस्कार केला, कौतुकाने सळई त्याच्या हातात दिली आणि पुढचा अर्धा तास त्याच्याकडूनच ऐकलं. निघताना फक्त एवढंच म्हणाले, "तारीख चुकेल हो माझी. कान नाही चुकणार."

ठाकूरद्वारच्या एका वाडीत जाळीने बंद केलेली जुनी विहीर आहे. काका तिच्या कठड्याला सळई लावून एकेकाला ऐकायला लावत. खोल कुठेतरी थेंब पडल्यासारखा आवाज येई. "झाकलंय म्हणून मेलेलं नाही," काका म्हणत. वाडीतल्या एक बाई पूजेचं तबक हातात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आमच्या विहिरीला इंजेक्शन देताय की काय?" पुढच्या खेपेपासून त्या बाई आमच्यासाठी आलेपाक ठेवू लागल्या. प्रभादेवीला सगळं जग देवळाकडे तोंड करून उभं असतं. काका आम्हाला मागच्या गल्लीत नेऊन देवळाकडे पाठ करायला लावत आणि डोळे मिटून सांगायला लावत की कुठल्या घरात काय चाललंय. कुठे फोडणी, कुठे पाढे, कुठे पंख्याची खटखट. एकदा एका घरात आमच्याविषयीच बोलणं चाललं होतं, तेही ऐकलं.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात मात्र त्यांची खरी परीक्षा झाली. होड्या, वाळत घातलेले बोंबील आणि मधे आमचा पंधरा जणांचा शांत घोळका. एक कोळीण कमरेवर हात ठेवून बघत होती. शेवटी तिने विचारलं, "काय बघतावं?"

"बघत नाही, ऐकतोय," काका म्हणाले.

"मासळीला कसला आवाज ओ काका? विकत घ्या, तव्यावर टाका, मग आयका."

काकांनी क्षणभर विचार केला आणि अतिशय गंभीरपणे सांगितलं, "बाई, तुमचं बरोबर आहे." त्यांनी बोंबील घेतले, तिच्याच घरी तव्यावर टाकायला लावले आणि आम्हा पंधरा जणांना दाराबाहेर रांगेत उभं करून तो चर्र आवाज ऐकवला. तेव्हापासून त्या चकरेत तो मुक्काम कायमचा झाला. शाकाहारी लोकही यायचे. ते फक्त ऐकायचे.

पण या सगळ्या चकरा म्हणजे वरणभात. पक्वान्न होतं ते गिरणगावच्या चकरेच्या शेवटी.

माझं ऑफिस जिथे उभं आहे तिथे पूर्वी एक गिरणी होती. लोक तिला मोठी गिरणी म्हणत. आता तिचं दगडी फाटक तेवढं राहिलंय, शोभेला ठेवल्यासारखं. चक्कर तिथे संपत असे. काका सळई फाटकाला टेकवून ठेवत, ओठांवर जीभ फिरवत, दोन्ही हात तोंडाशी धरत आणि पोटातून गिरणीचा भोंगा काढत. आधी बारीक, मग चढत चढत असा काही उंच जायचा की दोन इमारतींच्या काचांत घुमून परत यायचा. कुत्री उठून बसायची. पहारेकरी पहिल्यांदा धावत आला होता. नंतर त्यालाही सवय झाली, तो नव्या माणसांना आधीच सांगायचा, "अभी सुनना."

भोंगा संपला की काका आपल्या वडिलांचं सांगत. वडील या गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर. "भोंगा वाजला की बाप उठायचा. फाटक बंद झालं की दिवस गेला. माझ्या बापाचा एक दिवस गेला नाही. जन्मात एकदा उशीर नाही." हे सांगताना ते सळईसारखे ताठ व्हायचे. मीही व्हायचे. माझे आजोबाही याच फाटकातून जायचे, आणि त्याच जागेवर मी आता लिफ्टने अकराव्या मजल्यावर जात होते. परळ साइड वगैरे सांगायचं मी केव्हाच सोडलं होतं.

दर हिवाळ्यात शहरात इतिहासाचा एक मोठा उत्सव असतो. जुन्या वास्तू उघडतात, व्याख्यानं होतात, सहली निघतात. त्या वर्षी त्यांची दोन तरुण माणसं काकांच्या खोलीत आली. त्यांनी काकांचा भोंगा कोणाच्या तरी मोबाइलवर ऐकला होता. त्यांना तो फाटकासमोर, लोकांसमोर, नीट ध्वनिमुद्रित करायचा होता. गेलेल्या मुंबईचे आवाज ते जमवत होते. संग्रहालयात बटण दाबलं की मोठ्या गिरणीचा भोंगा वाजेल, अशी योजना.

"किती दिवस?" काकांनी विचारलं.

"कायमचा, काका."

"कायमचा म्हणजे, मी गेल्यावरपण?"

"हो."

काकांनी त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. त्यांच्या घरी दुसऱ्यांदा चहा मिळालेली ती पहिली माणसं. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना बातमी गेली होती. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं आणि बावीस जणांची नावं लिहून घेतली.

ध्वनिमुद्रण ज्या रविवारी होणार होतं, त्याच्या आधीच्या रविवारी नेहमीची चक्कर होती. शेवटी फाटकाशी आलो, काकांनी भोंगा दिला. त्या दिवशी तर फारच सुरेख लागला होता. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर समोरून आवाज आला.

"रे झिला, चुकलंस."

रस्त्याच्या पलीकडे जुन्या भाडेकरूंसाठी बांधलेला टॉवर आहे. त्याच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी उन्हाला बसली होती. ऐंशीच्या पुढची, अंगाने काडी, पण आवाज रस्ता ओलांडून येणारा.

"हो भोंगो ह्या गिरणीचो न्हय. हो पलीकडच्या गिरणीचो."

काका हसले. लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, "मावशी, माझा बाप या गिरणीत होता."

"आसात. मी पण थंयच होतंय. वायंडिंग खात्यात, सूत गुंडाळूक, बावीस वर्सां. माका सांगतंस?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. काकांचा चेहरा उतरला. ते सळई उचलून चालायला लागले. सगळ्यांचे आभार मला मानावे लागले, आणि मी ते इतके अडखळत मानले की दोघांनी मलाच पाणी दिलं.

तीन दिवस काका भिंतीपलीकडे गप्प. आईने मुद्दाम कुकरची एकच शिट्टी काढून बघितली, तरी आवाज नाही. मग आईच मला म्हणाली, "जा गं, बघ जरा."

काका खाटेवर बसले होते, सळई कोपऱ्यात उभी. "त्या मुलांना सांग, जमणार नाही म्हणून."

मला राग आला. "काका, एका म्हातारीने काहीतरी म्हटलं म्हणून? ऐंशीच्या पुढची बाई ती. तिचं चुकलं असेल."

"तिचं चुकलं असेल तर प्रश्नच नाही," काका म्हणाले. "पण तिचं बरोबर असेल तर? इतकी वर्षं मी लोकांना बापाच्या नावावर दुसऱ्या गिरणीचा भोंगा ऐकवला. तो आता कायमचा ठेवणार हे लोक. मी मेल्यावर दुरुस्त कोण करील? ती गिरणी तर सांगायला येणार नाही."

मग मीच म्हटलं, घरातलं कोणी असेल ना ऐकलेलं? काकांची थोरली बहीण कणकवलीजवळ गावी असते. तिला फोन लावला. काकांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवायला लावला, मी साक्षीदार म्हणून.

"ताई, बाबा भोंग्यावर उठायचे ना गं?"

"हो. मगे?"

"कुठल्या?"

पलीकडून ताई हसली. "खुळो की काय रे तू? आपलो भोंगो वाजलो की फाटक बंद. त्येच्यार उठलो तर माणूस पोचतलो कधी? पलीकडच्या गिरणीचो भोंगो आधी वाजी. तो वाजलो की आई बाबांका उठवी. आपलो वाजलो तेव्हा बाबा गिरणीत. आणि तू थंय दुसऱ्या झोपेत."

मी फोन ठेवला. लहानपणी चारी बाजूंनी दिवसभर भोंगे वाजायचे. त्यांतला आपला कुठला, हे त्या वयात त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. ज्याला बाप उठतो, तो आपला. दुसरं कुठलंही पोर वेगळं काय ठरवणार?

मला वाटलं आता ते रडतील. पण त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघ! माझ्या बापाने आपल्या गिरणीचा भोंगा घरात कधी ऐकलाच नाही. जन्मात नाही. तो वाजला तेव्हा बाप आत!" मग उठून त्यांनी कोपऱ्यातली सळई घेतली. "कान नाही गो चुकला. पत्ता चुकला. चल."

"कुठे?"

"मावशीकडे. खरा भोंगा तिच्यापाशी आहे."

मावशीने दार उघडलं आणि म्हणाली, "इलंस? माका वाटलाच." तिची सून चहा टाकायला आत गेली. पुढचे तीन दिवस संध्याकाळी आम्ही तिथेच. अडचण अशी की मावशीला भोंगा ठाऊक होता पण काढता येत नव्हता. दात नव्हते, दम नव्हता. तिला फक्त 'न्हय' म्हणता येत होतं, आणि ते ती फार छान म्हणायची. काका आवाज काढत, मावशी मान हलवी. "न्हय. जाडो व्हयो." पुन्हा. "न्हय. पोटातसून." लिफ्टवाला वर येऊन विचारून गेला, पाण्याचा पंप बिघडलाय का. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दोन म्हातारे येऊन बसले, तेही मान हलवू लागले. काकांना आयुष्यात कोणी इतक्या वेळा नाही म्हटलं नसेल. ते रागावले नाहीत. घाम पुसत होते आणि पुन्हा तोंडाशी हात धरत होते.

तिसऱ्या दिवशी आवाज पुष्कळ जवळ आला. मावशी 'होय' म्हणता म्हणता थांबली. "शेवटाक उचकी खय?"

"कसली उचकी?"

मग तिने सांगितलं. मोठ्या गिरणीचा भोंगा सरळ संपत नसे. शेवटी तुटायचा, पुन्हा एकदा लागायचा, मग थांबायचा. वायंडिंगच्या बायका रोज हसायच्या. म्हणायच्या, भोंग्याक उचकी लागली, गावाक कोणीतरी आठवण काढल्यान. मग जिचं मूल गावी असेल ती पदराने डोळे पुसायची आणि कामाला लागायची.

काका ताडकन उभे राहिले. "वाफेच्या पाइपात पाणी साचलं होतं!" त्यांनी सळईने जमिनीवर पाइप कसा वाकलेला असेल ते दाखवलं. "वळणावर पाणी साचतं. वाफ जाते, पाण्याला अडते, तुटते, पुन्हा जाते. कोणीतरी एकदा उघडून साफ केलं असतं तर गेली असती उचकी. बरं झालं, नाही केलं." तीस वर्षं पाइपांशी काढलेल्या माणसाला वडिलांच्या भोंग्यातसुद्धा पाइपच सापडला होता, आणि त्याचा त्यांना आनंद मावत नव्हता.

त्यांनी पुन्हा हात तोंडाशी धरले. जाड, खालचा, रेडा हंबरावा तसा आवाज, शेवटी तुटला, पुन्हा लागला, थांबला. या खेपेला मावशीची मान हलली नाही. त्या दोन म्हाताऱ्यांचीही नाही. काका एकदम खाली बसले आणि हळूच म्हणाले, "हा मी ऐकलाय. झोपेत."

आता काका बहिणीकडे गावी असतात. रविवारची चक्कर मी नेते. सळई त्यांनी माझ्याकडे दिली आहे, पण माझ्या कानाला विहिरीतला थेंब अजून नीट सापडत नाही आणि भोंगा तर मुळीच जमत नाही. मी फाटकाशी उभी राहते आणि इथे काका कसे चुकले होते ते सांगते. ते सांगायचंच, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. संग्रहालयात बटण दाबलं की भोंगा वाजतो. खाली काकांच्या नावाआधी मावशीचं नाव आहे. काकांनी तशी अटच घातली होती.

उत्सवाच्या त्या रविवारी फाटकासमोर रस्ताभर माणसं होती. माझ्या ऑफिसचे बावीस जण पुढे. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, "हे आमच्या मजल्यावरचे." आमची चाळ आली होती, ठाकूरद्वारच्या बाई आल्या होत्या, मच्छीमार नगरातली कोळीण टोपली न घेता, नवं लुगडं नेसून आली होती. मावशीची खुर्ची रस्त्याच्या या बाजूला आणून अगदी समोर ठेवली होती. लोक जमायच्या आधी यंत्रं तपासताना ध्वनिमुद्रण करणारा मुलगा कानावरचे हेडफोन काढून म्हणाला होता, "काका, एकदम झकास. फक्त शेवटी आवाज फाटतोय. एकदा त्याच्याशिवाय घेऊ या?"

"फाटत नाही. उचकी आहे," काका म्हणाले. "ती काढली तर मग हा कुठल्याही गिरणीचा भोंगा होईल."

वेळ झाल्यावर ते लोकांकडे वळले. माइक बाजूला केला. "मी इतकी वर्षं इथे उभा राहून चुकीचं ऐकवलं. ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांची माफी मागतो. कोणी नातेवाइकांना सांगितलं असेल त्यांनाही जाऊन सांगा, काका चुकला म्हणून." लोक हसले. काका हसले नाहीत. "आज दोन ऐकवतो. हा पलीकडच्या गिरणीचा. हा वाजला की माझी आई माझ्या बापाला उठवायची."

त्यांनी तो उंच, चढत जाणारा भोंगा दिला. मग थांबले. चांगले थांबले. घरातून फाटकापर्यंत चालत यायला माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढे थांबल्यासारखे वाटले. लोक चुळबुळ करू लागले, कोणी घड्याळ बघितलं. काका हलले नाहीत. सळई फाटकाला टेकवून ठेवलेली, हात शरीराशी, तोंड फाटकाकडे.

"आणि हा आपला," ते म्हणाले.

तो जाड, पोटातला आवाज काचांवरून घुमून आला. शेवटी तुटला, पुन्हा एकदा लागला आणि थांबला. पुढची पोरं उचकीला हसायला गेली, पण मागून काही म्हाताऱ्यांनी एकदम "हां!" केलं आणि हसू तिथेच राहिलं. टाळ्या लगेच झाल्या नाहीत. काका फाटकाकडेच बघत उभे होते, पाठमोरे, आणि त्यांचे खांदे हलत होते.

मावशी खुर्चीचा हात धरून उठली. तिने पदर कमरेला खोचला, काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गेलो रे तुझो बापूस आत. वेळेवर गेलो."